होल्ड म्हणजे थांब

उंचीची भीती फिटरला कधी वाटली नव्हती. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला ती परवडतही नाही. वरच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडून, खाली नुसती काळी पोकळी असताना, हा गडी उंबऱ्यावर बसून पाय खाली सोडायचा, डबा खायचा आणि वर म्हणायचा, "इथे वारा बरा लागतो." गल्लीत त्याला सगळे फिटरच म्हणायचे. खरं नाव विचारलं असतं तर शेजाऱ्यालाही जरा आठवावं लागलं असतं. असा हा माणूस एका दुपारी स्वतःच्याच स्वयंपाकघरात, दोन्ही पाय जमिनीवर असताना, घाबरून भिंतीला टेकला.

त्याची बायको इस्पितळात नर्स. गल्लीची ती सिस्टर, आणि लाडात आला किंवा रागावला की नवऱ्याचीही सिस्टरच. त्या दुपारी ती पायातल्या चपला न काढताच आत आली.

"अहो, ऐकलंत का? तिन्हीकडून हो आलंय. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड. आता आपण कुणाला हो म्हणायचं तेवढं राहिलंय."

"वा," फिटर म्हणाला, आणि पाठीमागे हाताने भिंत शोधली.

बाहेरच्या देशात जायचं हे घरात बरेच दिवस शिजत होतं. सिस्टरची इथली नोकरी कंत्राटी. दर वर्षी तीच नोकरी नव्याने मागायची आणि दर वर्षी साहेबाच्या तोंडाकडे बघायचं, याला ती विटली होती. मुलीचं पुढचं शिक्षण तोंडावर आलेलं. फिटर "बघू, बघू" म्हणत राहिला होता, कारण हे होणार नाही असं त्याला मनातून वाटत होतं. लोक म्हणतात ना, भीक नको पण कुत्रं आवर. तसं त्याचं झालं. होकार नको होता, पण तो दारात येऊन उभा राहिला, आणि एक नाही, तीन.

सुट्टीच्या दिवशी जेवणं झाल्यावर मुलीने टेबलावर देश मांडले. तिला घरात चिमणी म्हणायचे. आता ती बापाच्या खांद्याला लागली होती, पण नाव तेच राहिलं. तिने मिठाची बरणी एका टोकाला ठेवली.

"हा कॅनडा. पांढराशुभ्र, सगळीकडे बर्फ." तेलाची बाटली दुसऱ्या टोकाला. "हा ऑस्ट्रेलिया. सोनेरी ऊन, समुद्र. माझं मत इथे." पाण्याचा पेला मधे. "आणि हा आयर्लंड. पाऊस, पाऊस आणि पाऊस."

"आणि मी कुठाय?" फिटरने विचारलं.

चिमणीने चहाचा चमचा उचलला. "हे तुम्ही. चमचा काय, कुठल्याही बरणीत जातो."

सिस्टर हसली. फिटरही हसला, पण त्याची नजर त्या चमच्यावरून हलेना.

मग दोघी मायलेकींनी देश चाळायला घेतले, धान्य चाळावं तसे. कॅनडात सिस्टरची एक मैत्रीण आधी गेली होती. ती सांगायची, काम चांगलं, माणसं सभ्य, पण पहिल्या हिवाळ्यात मी खिडकीशी बसून नुसती रडत होते. ऑस्ट्रेलियात हाताने काम करणाऱ्याला मान, घरं मोकळी. पण अंतर इतकं की कुणी आजारी पडलं तर पोचेपर्यंत बरं तरी झालेलं असेल नाहीतर गेलेलं तरी. आयर्लंड छोटासा, माणसं बोलकी, पण राहायला जागा मिळता मिळत नाही. सिस्टरच्या ओळखीचं एक जोडपं दुसऱ्या कुटुंबाबरोबर एकाच घरात दाटीवाटीने राहत होतं, आणि दोन्ही घरच्या बायका एका शेगडीवरून भांडत होत्या.

"म्हणजे घरोघरी मातीच्या चुली," फिटर म्हणाला. "मग इथली काय वाईट आहे?"

"इथली चूल आपली नाही, बाबा. दर वर्षी तिचं कंत्राट निघतं," चिमणी म्हणाली. पोरगी बोलायला आईच्या वरताण होती.

कॅनडाचं मात्र सिस्टरनेच संपवलं. तिथल्या इस्पितळाची अट होती की तिने आधी एकटीने यायचं, नवऱ्याला आणि मुलीला मागाहून बोलवायचं. कधी, ते नक्की नाही. तिने मिठाची बरणी उचलून कपाटात ठेवून दिली. "एकटी मी कुठे जात नसते," एवढंच बोलली.

राहिले दोन. दोन्ही ठिकाणी फिटरला त्याचंच काम मिळण्यासारखं होतं. दोन्हीकडच्या लिफ्टच्या कंपन्यांना माणसं हवी होती, आणि फोनवर तोंड दाखवून बोलायचं ठरलं होतं. चिमणी मधे बसून इकडचं तिकडे करणार होती. बायकोने नवऱ्याच्या पोटापाण्याचाही विचार केला होता. कुठूनही नाही म्हणायला जागा ठेवली नव्हती.

फिटर थंडीबद्दल कुरकुरला, पाण्याबद्दल, विमानातल्या बसण्याबद्दल. खरं कारण त्याने कुणाला सांगितलं नाही. ते लिफ्टच्या पोकळीत होतं.

ते काम दोघांचं असतं. एक वर मशीनच्या खोलीत, एक खाली अंधारात. एकमेकांचं तोंड दिसत नाही, फक्त आवाज. फिटरचा जोडीदार म्हणजे सिस्टरचा धाकटा भाऊ, त्याचा मेहुणा. त्याला सगळे भोंगा म्हणायचे, कारण तो कानात कुजबुजला तरी शेजारच्या इमारतीत ऐकू जायचं. वर्षानुवर्षं दोघांनी चार शब्दांवर काम केलं होतं: ओढ, हळू, थांब, सोड. भोंगा खालून "थांब" म्हणाला की फिटरचे हात थांबत. तो थांबवायचा नाही, हातच थांबायचे. शब्द कानात शिरून थेट मनगटात जायचा, डोक्याला वळसा न घालता.

आणि हीच त्याची भीती. परक्या भाषेतला शब्द आधी डोक्यात जाणार, तिथे त्याची मराठी होणार, मग तो हाताकडे येणार. तेवढ्या वेळात साखळीच्या टोकाला काय होईल? मन चिंती ते वैरी न चिंती. काम करता करता त्याला दिसायचं, खाली कुणीतरी अनोळखी माणूस उभा आहे, तो काहीतरी ओरडतोय, आणि आपण ऐकतोय, नुसते ऐकतोय.

भोंग्याला हे सांगावं असं त्याला पुष्कळदा वाटलं. पण मेहुण्यापुढे भित्रा कोण ठरणार? शेवटी भोंग्यानेच विषय काढला. दुपारच्या सुट्टीत तो फोनवर परदेशी लोकांचं बोलणं लावून बसायचा.

"भाऊजी, हा ऐका. ऑस्ट्रेलियावाला."

"हा जेवता जेवता बोलतोय का?"

"तोंड रिकामं आहे त्याचं. बोलणंच तसं. आता हा आयर्लंडवाला."

फिटरने कान लावला. "हा तर पातेल्यात पाणी उकळल्यासारखा बोलतोय. यातलं इंग्रजी कुठलं?"

"दोन्ही इंग्रजीच."

"मग मी शाळेत नापास झालो ते कुठलं होतं?"

भोंगा पोट धरून हसला. मग फोन खिशात टाकून म्हणाला, "सवय करावी लागेल, भाऊजी. आजपासून कामावर इंग्रजी. मी बघून ठेवलंय. ओढ म्हणजे पुल. हळू म्हणजे स्लो. सोड म्हणजे लोअर. आणि थांब म्हणजे होल्ड."

"स्टॉप नाही का?"

"स्टॉप रस्त्यावर. व्हिडिओत तो टोपीवाला मजूर होल्ड म्हणतो. मी चार वेळा बघितलं. होल्ड म्हणजे थांब. म्हणा."

"होल्ड म्हणजे थांब," फिटर म्हणाला. लहानपणी पाढे म्हणताना वाटायची तशी लाज त्याला वाटली, पण नको म्हणवेना.

पहिले काही दिवस बरे गेले. छोटी छोटी कामं होती; चुकलं तरी हसण्यावारी नेण्याजोगी. मग एका जुन्या इमारतीची मोटर बदलायची आली. जुनी काढून झाली होती. नवी मोटर पोकळीतून वर घ्यायची, मशीनच्या खोलीच्या फरशीला चौकोनी भोक होतं, त्यातून आत आणायची. फिटर वर उभा राहून चेन पुलीची साखळी ओढत होता. भोंगा खाली लिफ्टच्या टपावर उभा राहून, मोटर कडेला घासू नये म्हणून हाताने सांभाळत होता.

"पुल!" खालून आवाज आला. फिटरने ओढलं. "स्लो!" तो हळू झाला. मोटरची कड भोकाच्या तोंडाशी आली. तेवढ्यात मोटर थोडी हेलकावली, आणि भोंग्याचा पंजा मोटर आणि फरशीच्या कडेमधे सापडला.

"होल्ड!" भोंगा ओरडला.

पण त्या उंच, पोकळ जागेत आवाज भिंतींवर आपटत वर येतो. येता येता त्याची पुढची कड झिजते. फिटरच्या कानावर आलं ते एवढंच: "ओढ!"

त्याने ओढलं.

"होऽल्ड!" दुसऱ्यांदा आला तो आवाज किंचाळल्यासारखा. फिटरला वाटलं, मोटर अडकलीय, जोर लावायला सांगतोय. त्याने पाय रोवले आणि पुन्हा ओढलं.

"अरे थांब! थांब रे! हात!"

हात थांबले. त्याचे. साखळी जागच्या जागी गप्प झाली. मग त्याने दुसऱ्या बाजूने साखळी धरून मोटर बोटभर, आणखी बोटभर खाली घेतली. खालून एक लांब श्वास ऐकू आला, आणि नंतर काहीच नाही. भोंगा गप्प आहे, हे फिटरने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तो जिन्याने खाली कसा गेला, ते त्याला नंतर कधीच आठवलं नाही.

टपावर भोंगा बसला होता. हातमोजा फाटला होता. चेहरा राखेसारखा.

"भाऊजी," तो म्हणाला, "तुम्ही ओढत का होतात?"

"तू ओढ म्हणालास."

"मी होल्ड म्हणालो."

चूक दोघांना एकाच वेळी कळली, आणि ती इतकी सोपी होती की तिचीच जास्त भीती वाटली.

जवळचं इस्पितळ म्हणजे सिस्टरचंच. ती ड्युटीवर होती. चाकाच्या खुर्चीत भाऊ बघून ती क्षणभर जागेवर उभी राहिली, मग बहीण बाजूला झाली आणि नर्स पुढे आली. मोजा कापला, हात धुतला, डॉक्टरला बोलावलं. दोन बोटांची हाडं मोडली होती, पंजा सुजून बोळक्यासारखा झाला होता. हात वाचेल, असं डॉक्टर म्हणाला. "पहिल्यासारखा होईल का?" या प्रश्नावर तो म्हणाला, "बघू." डॉक्टरचं बघू आणि फिटरचं बघू यात काही फरक नसावा.

"कसं झालं?" सिस्टरने विचारलं.

"माझाच गाढवपणा," भोंगा पटकन म्हणाला. "हात तिथे घालायचं काय कारण होतं?"

फिटर खाली बघत उभा होता. सिस्टरने भावाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

घरी आल्यावर त्याने सगळं सांगितलं. त्याला वाटलं होतं ती हसेल. होल्ड आणि ओढ, ऐकणाऱ्याला गंमतच वाटावी. सिस्टर हसली नाही. हातातला टॉवेल घडी करून, उलगडून, पुन्हा घडी करत राहिली.

"तो आपला होता म्हणून निभावलं," फिटर म्हणाला. "मराठीत ओरडला म्हणून निभावलं. तिथे खाली असेल तो कुठल्या भाषेत ओरडेल? कुणाच्या तरी पोराचा जीव जाईल माझ्या हातून. मी येत नाही. तुम्ही दोघी जा."

"एकटी जायचं नाही म्हणून मी एक देश कपाटात ठेवलाय," सिस्टर म्हणाली. "आता अख्खं टेबल आवरू का?"

दोन्ही कंपन्यांशी बोलण्याची वेळ आधीच ठरलेली होती. बोलून तर घ्या, असं सिस्टर म्हणाली. बोलायला काय जातं? इकडे आड, तिकडे विहीर, असं म्हणायची पद्धत आहे. फिटरला तर दोन्ही बाजूंनी विहीरच दिसत होती, लिफ्टची, खोल.

पहिला ऑस्ट्रेलियावाला. तांबूस चेहऱ्याचा, टोपी घातलेला, मागे लख्ख ऊन. बोलायला मोकळा. किती वर्षं काम केलं, कुठल्या मशीन हाताळल्या, जुन्या इमारतींची सवय आहे का, असं विचारत गेला. चिमणी बापाचं बोलणं भराभर इंग्रजीत नेत होती. तिचे डोळे त्या उन्हाकडे लागले होते. मग त्याने काहीतरी विचारलं, आणि चिमणीने बापाकडे न बघता उत्तर दिलं, "नो."

तेवढं इंग्रजी फिटरला कळत होतं.

माणूस खूश झाला. पहिल्याच आठवड्यात मोठ्या इमारतीवर काम देतो म्हणाला, दोन माणसं हाताखाली. अंगठा वर करून त्याने फोन बंद केला.

"त्याने काय विचारलं, आणि तू नो काय म्हणालीस?"

चिमणीने नजर चुकवली. "कधी अपघात झालाय का, असं."

"आणि तू नो म्हणालीस."

"मग काय सांगायचं, बाबा? परवाच मामाचा हात मोडला म्हणून? तसं सांगितलं तर कुणीच घेणार नाही तुम्हाला!"

फिटर तिला रागावणार होता, पण तिचे शेवटचे शब्द त्याने पकडले. कुणीच घेणार नाही. गोष्ट इतकी सरळ होती. सांगून टाकायचं. ऑस्ट्रेलियाचं नंतर बघता येईल, खरं कळवून टाकता येईल. आधी आयर्लंडला खरं सांगायचं, ते नाही म्हणतील, मग यांनाही तेच सांगायचं, हेही नाही म्हणतील. बायकोला तोंड वर करून सांगता येईल, मी प्रयत्न केला, त्यांनीच नाकारलं. खरं बोलून सुटायचं. वर पुण्य ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी आयर्लंडची बाई फोनवर आली. पिकलेले आखूड केस, चष्मा कपाळावर, मागे लोखंडी मांडण्या आणि खिडकीवर पाण्याचे ओघळ. ती बोलायला लागली आणि पातेल्यातलं पाणी उकळायला लागलं. चिमणीही दोनदा "पुन्हा सांगा" म्हणाली. कामाचं बोलणं झालं. अपघाताचं तिने विचारलंच नाही. फिटरच म्हणाला, "चिमणे, तिला मामाचं सांग."

"खरंच सांगू?"

"अक्षर न गाळता सांग."

चिमणीचा चेहरा उजळला. तिला पावसात जायचंच नव्हतं. हा देश बापानेच बुडवला तर तिला ते हवंच होतं. तिने मोठ्या उत्साहाने सगळं सांगितलं: मोटर, पोकळी, होल्ड, ओढ, मामाची बोटं. फिटर बाईचा चेहरा न्याहाळत होता. आता तिचा चष्मा खाली येईल, आता ती आभार मानेल आणि फोन ठेवेल.

बाईने चष्मा खाली घेतला. पण फोन ठेवला नाही. तिने काहीतरी विचारलं.

"ती विचारतेय, मग तुम्ही थांबलात कशाने?"

"तो थांब म्हणाला, म्हणून."

चिमणीने सांगितलं. बाई स्क्रीनजवळ आली. "थंब?" असं म्हणून तिने अंगठा वर केला.

"अंगठा नाही," चिमणी घाईने म्हणाली. "थांब. थां-ब."

"थंब," बाई पुन्हा म्हणाली, अंगठा तसाच वर. कालच्या टोपीवाल्याने सगळं छान आहे म्हणायला केला होता, तोच हा अंगठा. म्हणजे आपलं 'थांब' तिकडे गेलं की त्याचंही 'चालू द्या' होतं. बाईलाही ते तेव्हाच कळलं असावं. तिने सावकाश अंगठा मिटला आणि स्वतःच्या हाताकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ती घाबरली होती. फिटरला भीती अचूक ओळखता येत होती, कारण हल्ली रोज आरशात तीच दिसायची.

मग ती बराच वेळ बोलली. चिमणीचा उत्साह वाक्यागणिक उतरत गेला.

"ती म्हणते, तुम्हाला घेते. पण पोकळीत पाठवणार नाही. पहिले काही महिने खाली कारखान्यात, दारांची आणि बटणांची कामं. वर कुणी माणूस नाही, खाली कुणी माणूस नाही. शब्द पक्के झाले की ती स्वतः साखळीखाली उभी राहून बघणार, मगच पुढे. तोपर्यंत हुद्दा शिकाऊचा." चिमणी थांबली. "बाबा, शिकाऊ! या वयात! नाही म्हणून सांगू ना?"

"सांग, घरी विचारून कळवतो."

संध्याकाळी सिस्टर आली तेव्हा चिमणी दारातच फुटली. तिकडे ऊन, घर, बाबांच्या हाताखाली दोन माणसं. इकडे पाऊस, अर्ध्या खोलीची मारामार आणि बाबा शिकाऊ. यात विचार करायचा तरी काय?

सिस्टरने सगळं ऐकलं. मुलगी पाय आपटत आत गेल्यावर ती नवऱ्यासमोर बसली. "तुम्हाला काय वाटतं?"

"मी तिला अपघाताचं का सांगितलं माहितीय? तिने नाही म्हणावं म्हणून."

"ते मला कळलं," सिस्टर म्हणाली. "तुम्ही काही एवढे सत्यवादी नाही."

तो कसनुसा हसला. ती हसली नाही. म्हणाली, "मलाही वाटत होतं, कुणीतरी नाही म्हणावं. वॉर्डातली एखादी बाई जेव्हा म्हणते, सिस्टर, पोटात कसंतरी होतंय, तेव्हा ते कसंतरी म्हणजे काय, हे मला तिच्या तोंडाकडे बघून कळतं. तिकडचं कसंतरी मला कळेल का? मी घरात बोलले नाही. मी बोलले असते तर तुम्ही दुसऱ्या दिवशी सामान सोडून बसला असता."

इतके दिवस फिटरला वाटत होतं, या घरात घाबरणारा आपण एकटा, आणि ती एक खांब. आता खांबही हलतोय म्हटल्यावर त्याला धीर यायला हवा होता, भीतीत सोबत मिळाली म्हणून. तसं झालं नाही. आता त्याने नुसतं "नको" म्हटलं असतं तर तीही "बरं" म्हणाली असती. तिच्या तोंडावर ते तयार होतं. एवढे दिवस हवी होती ती वाट समोर उघडी पडली होती, आणि त्या वाटेच्या टोकाला तीच कंत्राटी नोकरी, तोच साहेबाचा चेहरा, आणि मुलगी.

"टोपीवाला चांगला माणूस आहे," तो म्हणाला. "पण तो मला पहिल्याच आठवड्यात साखळी देणार. त्याला भीती वाटत नाही. ही बाई घाबरली. मला घाबरणाऱ्याच्या हाताखाली काम करायचंय."

"पाऊस आहे हो तिथे. जागा नाही."

"शेगडीवरून तू भांडशील. तुझा आवाज भोंग्याच्याच घरचा आहे."

"आणि शिकाऊ म्हणतील."

"म्हणू देत." इतकी वर्षं ज्याला फिटर म्हटलं गेलं त्याचं तेवढंच नाव होतं, आणि ते तो इथेच ठेवून जाणार होता. "दगडापेक्षा वीट मऊ. त्या बाईला हो कळवून टाक. आणि त्या टोपीवाल्यालाही खरं काय ते कळव. पोरीचं नो माझ्या नावावर नको."

सिस्टरने त्याच्यादेखत कळवलं. आतून चिमणीच्या रडण्याचा आवाज येत होता, आणि तिला समजवायला कोणी जायचं हे ठरत नव्हतं. शेवटी सिस्टर गेली.

दुसऱ्या दिवशी फिटर मेहुण्याकडे गेला. भोंगा आरशासमोर उभा राहून एका हाताने सदरा चढवत होता. पट्टी बदलायला इस्पितळात जायचं होतं. दुसरा हात गळ्यात अडकवलेला.

"मग भाऊजी? कुठला देश?"

"आयर्लंड."

"तिथे काय मिळतं?"

"पाऊस. आणि शिकाऊचा हुद्दा."

"एवढ्यासाठी एवढ्या लांब?" भोंगा हसला. मग हसणं अर्ध्यावर सोडून म्हणाला, "मला नवा जोडीदार देणार म्हणे ऑफिस. हात बरा झाला की. कुणीतरी दुसऱ्या गावचा आहे."

आजवर फिटर स्वतःला परक्या पोकळीत, परक्या माणसांत बघत आला होता. इथल्या पोकळीत, भोंग्याच्या डोक्यावर साखळी कोणाच्या हातात असेल, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं.

"कसा आहे तो?"

"कुणास ठाऊक. भेटलो कुठे? बटणं लावता का जरा? एका हाताने जमत नाहीत."

फिटर पुढे झाला. वरचं बटण लावलं, दुसरं लावलं. भोंगा लहान पोरासारखा हनुवटी वर करून उभा होता. तिसऱ्या बटणापाशी फिटरची बोटं अडखळायला लागली. तारा जोडणारी, अंधारात स्क्रू शोधणारी बोटं ती, पण काज सापडेना.

भोंग्याने खाली बघितलं. "घाबरलात का हो, भाऊजी?"

"हो," फिटर म्हणाला. "फार."

"ते दिसतंयच," भोंगा म्हणाला, या खेपेला अगदी हलक्या आवाजात. "वरची दोन्ही बटणं एक काज खाली लावलीत."

फिटरने बटणं सोडली, आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतली.